चार्ज दिला, पण किल्ल्या माझ्याच कमरेला

मागच्या वर्षी मुलाची अक्कलदाढ दुखायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. गेलो म्हणजे तो गेला आणि मी आपली "सोबत". वय वर्षं २३, दाढीमिशी आलेली, नोकरी लागून आठ महिने झालेले. रिसेप्शनवरच्या मुलीने फॉर्म दिला, त्याने नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि मग पेन तसंच हवेत धरून माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, मला कशाची अ‍ॅलर्जी आहे?" आणि मी पर्समध्ये चष्मा शोधता शोधता, मान वर सुद्धा न करता, "पेनिसिलिन, रक्तगट बी पॉझिटिव्ह, आणि चौथ्या वर्षी टाके पडले होते तेही लिही." रिसेप्शनवरची मुलगी हसली. वाईट हसली असं नाही, पण हसली.

ते हसणं घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं. कारण ही अ‍ॅलर्जी काही शोभेची नाही. चार वर्षांचा असताना औषधाने अंगभर पुरळ उठून ओठ सुजले होते, ती रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. आणि दातांचे डॉक्टर इन्फेक्शनसाठी जे अमॉक्सिसिलिन सर्रास देतात ते पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. म्हणजे मी त्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकले असते आणि त्याने "अ‍ॅलर्जी: नाही" असं टिकमार्क केलं असतं तर? त्याला विचारलं, "अरे तुला हे माहीत नव्हतं?" तर सीटबेल्ट लावत शांतपणे म्हणतो, "तुला माहितीये ना."

त्याच्या आवाजात आळस नव्हता, उर्मटपणा तर नव्हताच. पाणी नळाला असतं तशी ही माहिती आईकडे असते, एवढंच.

मी ज्या प्रकारच्या नोकरीत आहे तिथे दर काही वर्षांनी बदली होते आणि टेबल सोडताना चार्ज द्यावा लागतो. चार्ज देणं म्हणजे नुसत्या फाइली सरकवणं नाही, कपाटाच्या किल्ल्या, पासवर्ड, अर्धवट राहिलेली प्रकरणं, कुठल्या तारखेला कुणाला काय पाठवायचंय, सगळं लिहून द्यायचं आणि दोघांनी सही करायची. एकदा माझ्या आधी त्या टेबलावर असलेले साहेब चार्ज देऊन गेले आणि पुढचे तीन महिने रोज फोन, "ते पत्र गेलं का? त्या रिपोर्टची आज तारीख आहे हां." सुरुवातीला चिडचिड व्हायची, पण खरी गंमत नंतर झाली, मी डायरी लिहायचंच बंद केलं. साहेब फोन करणारच आहेत तर मी कशाला डोकं शिणवू. मग एक दिवस त्यांचा फोन आला नाही आणि रिपोर्ट राहिला. बोलणी मी खाल्ली.

हे आठवलं आणि ठरवलं की पोराच्या आयुष्याचा चार्ज लिहून काढायचा. रविवारी वही घेऊन बसले, वाटलं दहाबारा गोष्टी होतील. आठवडाभर जसजसं लक्षात येईल तसं लिहीत गेले आणि आकडा ३४ वर गेला. नवरा म्हणाला ही यादी आहे का गॅझेट. पण त्या यादीत हाताने करायची कामं फक्त नऊ निघाली, कपडे, बेडशीट, त्याच्या बाइकची सर्व्हिसिंग वगैरे. उरलेल्या पंचवीस गोष्टी सगळ्या कसल्या होत्या तर लक्षात ठेवण्याच्या. इन्शुरन्सची तारीख. आत्याचा वाढदिवस, ज्या दिवशी त्याने फोन केला नाही तर आत्या मला ऐकवते. चष्म्याचा नंबर कधी तपासलाय. कुठला शर्ट मशीनमध्ये रंग सोडतो. रात्रीची अ‍ॅलर्जीची गोळी संपत आलीये का. हे मी "काम" म्हणून कधी मोजलंच नव्हतं कारण हे दिसतच नाही ना.

पण तेव्हा मला हा फरक कळला नाही. म्हणजे वहीत डोळ्यांसमोर लिहिलेला होता तरी नाही कळला. मी काय केलं, तर पहिल्या फेरीत ती नऊ कामं त्याच्या गळ्यात घातली. रात्री जेवण झाल्यावर छोटंसं भाषण पण दिलं (धाकटी म्हणाली आईची पत्रकार परिषद). आणि पोरगा गुणी, त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. मशीन लावायला शिकला, पहिल्याच धुण्यात लाल टीशर्टने सगळे पांढरे बनियन गुलाबी केले, ते बनियन तो अजून घालतो, त्याला काही वाटत नाही. दोन महिन्यांनी मी मैत्रिणींना सांगत सुटले, आमचा आता सगळं स्वतःचं स्वतः करतो.

एका संध्याकाळी नवऱ्याने हवा काढली. टीव्ही बघता बघता म्हणाला, "आज तू त्याला अकरा वेळा आठवण केलीस. मी मोजत होतो." मी म्हटलं काहीतरीच काय. तर त्याने मोजूनच दाखवलं. मशीन लावायचंय ना? लावलंस का? बंद झालं बघ. वाळत घाल, पाऊस येईल. गोळी घेतलीस? आणि पोरगा प्रत्येक वेळी "हो आई, करतो" म्हणून खरंच उठून करत होता. हात त्याचे, डोकं माझं. मी त्या जुन्या साहेबांसारखीच रोज फोन करत होते की.

नंतर याबद्दल थोडं वाचलं तर कळलं की मानसशास्त्रात याला रीतसर नाव आहे. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ट्रान्झॅक्टिव्ह मेमरीची कल्पना मांडली, म्हणजे जवळची माणसं स्मरणशक्ती आपापसांत वाटून घेतात, एकाने हे लक्षात ठेवायचं, दुसऱ्याने ते, आणि प्रत्येकाला फक्त एवढंच ठाऊक असतं की कुठली गोष्ट कुणाकडे मिळेल. "तुला माहितीये ना" हे वाक्य म्हणजे त्याच्या अख्ख्या थिअरीचा सारांश आहे असं मला वाटलं. वेग्नरनेच सहकाऱ्यांबरोबर १९९१ मध्ये जोडप्यांवर एक प्रयोग केला होता, त्यात एकमेकांना सरावलेली जोडपी अनोळखी जोड्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवायची, पण कुणी काय लक्षात ठेवायचं हे बाहेरून ठरवून दिलं की उलटं व्हायचं, सरावलेल्यांचाच गोंधळ उडायचा. प्रयोग जोडप्यांवरचा आहे हे मान्य, पण माझी पत्रकार परिषद का फसली ते मला त्यात दिसलं. वीस वर्षांची घडी एका भाषणाने कशी मोडणार.

मग दुसरी फेरी. या वेळी कामं नाही, किल्ल्या द्यायच्या.

आमच्याकडे त्याच्या नावाची एक निळी फाइल आहे, जन्माच्या दाखल्यापासून सगळं त्यात. एका शनिवारी दोघं जमिनीवर बसलो आणि मी एकेक कागद काढून हे काय आहे, कशाला लागतं, हरवलं तर कुठून मिळतं असं सांगत गेले. लसीकरणाच्या कार्डावर तो अडकला. पिवळं पडलेलं कार्ड, घडीवर चिकटपट्टी, प्रत्येक लशीपुढे तारीख आणि माझं तेव्हाचं अक्षर, आणि एका कोपऱ्यात मी पेन्सिलने लिहिलेलं, "ताप ६ तास, रडला, मग झोपला." तो ते बराच वेळ बघत होता. काही बोलला नाही, फक्त फोटो काढला. मग त्याने सगळ्याच कागदांचे फोटो काढले, फोल्डर केलं, आणि अ‍ॅलर्जी व रक्तगट फोनच्या त्या लॉक स्क्रीनवरून दिसणाऱ्या इमर्जन्सीच्या माहितीत टाकलं. मला ही सोय असते हेच माहीत नव्हतं.

मग निघाली खरी गोम. त्याचं बँकेतलं खातं लहानपणी उघडलेलं, त्यावर मोबाइल नंबर माझा. ईमेलचा रिकव्हरी नंबर माझा. दोन ठिकाणी ओटीपी माझ्या फोनवर. म्हणजे हा पोरगा पगार घेतो पण स्वतःच्याच पैशाला हात लावायचा तर ऑफिसातून मला फोन, "आई ओटीपी आला बघ, पटकन सांग, मिनिटभरच चालतो." आणि मीही मीटिंगमधून पटकन सांगायचे! ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून जगाला शिकवणारी मी. नंबर बदलायला त्याला बँकेत दोनदा जावं लागलं, पहिल्यांदा सही जुळली नाही कारण तिथली सही बहुतेक माझीच होती. मी सोबत गेले नाही. घरी बसून नखं खाल्ली ते वेगळं.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. त्याने एका ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं होतं आणि दुसरा हप्ता भरायची तारीख मला माहीत होती, कारण त्याने ती एकदा बोलता बोलता सांगितली होती आणि माझ्या डोक्यात अशा गोष्टी आपोआप चिकटतात. त्या दिवशी रात्री अकरा वाजता मी पलंगावर फोन हातात घेऊन बसलेय. "आज शेवटची तारीख" एवढं टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं. भिंतीपलीकडे तो कुठलीतरी मॅच बघत हसत होता, चार पावलांवर. नवरा म्हणाला सांगून टाक गं, पैसे जातील. मी म्हटलं नाही, आज सांगितलं तर परत शून्यावर. बारा वाजले आणि मी फोन उशीखाली ठेवला आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं, खरंच सांगते.

लेट फी लागली, बरीच. सकाळी त्याला ईमेल आला, तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "तुला माहीत होतं?" मला खोटं बोलता येत नाही. "हो." "मग सांगितलं का नाहीस?" माझ्याकडे उत्तर तयार होतं, तू शिकावंस म्हणून वगैरे, पण तोंडातून आलं ते इतकं पोकळ वाटलं की मी अर्ध्यातच थांबले. तो म्हणाला, "म्हणजे तू परीक्षा घेत होतीस." आणि दोन दिवस बोलला नाही.

यात चूक कुणाची यावर मी आणि नवरा पुष्कळ भांडलो. आज मला वाटतं चूक माझी होती, पण न सांगण्यात नाही. मी त्याला सांगितलंच नव्हतं की आजपासून मी सांगणार नाही! फाइल दिली, नंबर बदलले, पण "आठवण करणं बंद" हे कलम मी मनातल्या मनात लावून टाकलं. चार्ज रिपोर्टवर दोघांच्या सह्या लागतात, मी एकटीनेच करून मोकळी झाले होते. तो बिचारा वीस वर्षं चालत आलेल्या व्यवस्थेवर विसंबून मॅच बघत होता.

मग बसून नीट बोललो. ठरलं असं की पैसे जाणं, तारीख चुकणं, फजिती होणं यात मी तोंड उघडणार नाही, तारीख मला माहीत असली तरी, आणि हे त्याला आधीच माहीत असेल. जिथे तब्येतीचा, कायद्याचा किंवा दुसऱ्या कुणाच्या नुकसानीचा प्रश्न असेल तिथे मात्र मी बिनदिक्कत बोलणार, एकदा नाही चारदा. त्याने एक कलम घातलं, मला ते आवडलं नव्हतं पण मान्य केलं, "नंतर 'बघ, मला माहीत होतं' असं म्हणायचं नाही." हे पाळणं मला सगळ्यात जड गेलं. आठवण न करणं एक वेळ जमतं.

त्यानंतर जे बघायला मिळालं ते मी त्याला शिकवलेलं नाही. सुरुवातीला त्याने फोनमध्ये पन्नास रिमाइंडर लावले, दिवसभर टिंगटिंग, आठवड्याभरात तो सगळे न बघता सरकवून टाकायला लागला. मग त्याने वेळेचा नाद सोडला आणि एकेक काम दुसऱ्या कशाला तरी बांधून टाकलं. दात घासून ब्रश ठेवला की गोळी, गोळ्यांची स्ट्रिप ब्रशच्या कपातच. पगाराचा मेसेज आला की खुर्चीतून उठायच्या आत घरातला त्याचा वाटा आणि हप्ते. मला वाटलं काय डोकं चालवलंय, तर यावरही आधीच संशोधन झालेलं निघालं, पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचा १९९९ चा लेख आहे, की नुसतं "मी हे करेन" ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करेन" असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. पोराला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं आधी नाही सांगितलंस, मग मी केलं नसतं." खरंय ते.

हे सगळं चालू असताना धाकटी बाहेरगावी खोली घेऊन शिकत होती. ती पहिल्यापासून स्वतंत्र, कशालाच विचारायची नाही, यादी करायला बसले असते तर पाच ओळी झाल्या नसत्या. तिचं मला कौतुकच. दादाला ऐकवायचे पण, बघ ती कशी करते. एकदा सुट्टीत आली तर निम्मी झालेली. खोदून विचारल्यावर कळलं की तिला सहा दिवस ताप होता, त्यातले तीन दिवस १०३ च्या पुढे, मैत्रिणीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. आणि त्या सहा दिवसांत ती माझ्याशी रोज फोनवर बोलत होती! "आवाज बसलाय का गं?" "हो, एसीमुळे."

मी रडले, चिडले, सगळं केलं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "तू दादाला सांगत होतीस ना, स्वतःचं स्वतः निस्तरायला शिक. मला वाटलं आता तोच नियम आहे."

मी कितीतरी दिवस याचाच विचार करत होते. एकाला दिलेलं औषध दुसरीने पण घेतलं, आणि तिला ते नको होतं, तिला उलटं हवं होतं. एकाच घरात दोन पोरं, एकाला सगळं आईकडे ठेवायची सवय आणि दुसरीला काहीच न ठेवायची, आणि मी तिच्या न विचारण्याला स्वावलंबन म्हणून टाळ्या वाजवत होते. सध्या जिकडेतिकडे ते "मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयारच होत नसतो" चालू आहे ना, धाकटी ते ऐकवून मला म्हणाली, बघ, चूक माझी नाही माझ्या मेंदूची. आता मेंदूचा तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो हे खरं, पण २५ व्या वाढदिवसाला कुणी घंटा वाजवत नाही. आणि ५३ व्या वर्षी माझा तरी कुठे झालाय.

तिच्यासाठी वेगळी यादी केली, मला काय काय सांगायचंच याची. दोन दिवसांपेक्षा जास्त ताप, कुणाचं कर्ज, कुणाची भीती वाटत असेल तर, एवढीच, चार ओळी. तिने वाचली आणि म्हणाली, "तुझी कुठेय?" मला कळेना. म्हणाली, "तू जिन्यावरून पडलीस ते आम्हाला दीड महिन्याने शेजारच्या काकूंकडून कळलं. बाबांना गप्प केलंस. तुझ्या बीपीच्या गोळीचं नाव आम्हाला दोघांना माहीत नाही. तू बेशुद्ध पडलीस आणि फॉर्म भरायचा असेल तर आम्ही काय लिहायचं?"

फॉर्म. परत तोच फॉर्म.

मग आमच्या घरात सगळ्यांच्याच निळ्या फाइली झाल्या. माझी मुलाने केली, माझ्यासमोर बसून, गोळ्यांची नावं आणि डोस, रक्तगट, इन्शुरन्सचा नंबर, आणि मी कितीही "काही नाही रे" म्हटलं तरी तो पुढचा प्रश्न विचारत होता, अगदी त्या रिसेप्शनवरच्या मुलीसारखा. "अ‍ॅलर्जी?" "नाही." "नक्की?" मी म्हटलं आजीला विचारावं लागेल. तर तो असा हसला की विचारू नका.

सगळं सुरळीत झालंय अशातला भाग नाही. मागच्या महिन्यात तो घराची किल्ली आत विसरून दार ओढून गेला आणि तीन तास जिन्यात बसला, पण मला ते संध्याकाळी कळलं, दुपारी फोन नाही आला. आत्याचा वाढदिवस या वर्षी चुकला, आत्याने मला ऐकवलं, मी म्हटलं ते खातं आता माझ्याकडे नाही, त्यालाच फोन लाव. तिला राग आला. असू दे.

त्या ३४ गोष्टींच्या वहीत आता एकच ओळ खोडायची राहिलीये, पासपोर्ट. त्याची मुदत कधी संपते ते मला पाठ आहे, आणि बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने वैध पासपोर्ट लागतो, आणि ऑफिसतर्फे त्याला बाहेर पाठवण्याची बोलणी चालू आहेत असं तो परवा जेवताना म्हणाला. म्हटलं तर हे फजितीच्या खात्यात जातं. मी काही बोलले नाही, पाणी प्यायले. पण माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख अजून आहे, लाल ठिपका लावून. काढणार आहे मी ती. या आठवड्यात नाही.